विहीणबाईंवर दावा

"येऊ द्या... येऊ द्या... अजून येऊ द्या!"

दादा बोळात उभे राहून दोन्ही हात हलवत होते. मांडवाचं सामान भरलेला टेम्पो मागं घ्यायचा असला की माझे वडील असेच ओरडायचे. आज मात्र टेम्पो नव्हता. मागं येत होती ती एक पांढरी मारुती. तिच्या टपावर 'प्रभा मोटार ट्रेनिंग स्कूल' अशी लाल पाटी होती, आणि ती चालवत होत्या माझ्या होणाऱ्या सासूबाई.

नुकतीच सुपारी फुटली होती. आई आत पाहुण्यांच्या कपबश्या गोळा करत होती. दयानंद, म्हणजे ज्यांच्याशी माझं लग्न ठरलं ते, गाडीत त्यांच्या आईशेजारी मांडीवर पेढ्यांचा पुडा घेऊन बसले होते. मी उंबऱ्यात उभी होते. आमचा बोळ अरुंद, दोन्ही बाजूंना दगडी ओटे. गाडी वळवायला जागा नव्हती, म्हणून ती उलटीच मोठ्या रस्त्यापर्यंत न्यायची होती.

"येऊ द्या, भरपूर जागा आहे!"

मग पोतं पडल्यासारखा आवाज झाला. फार मोठा नाही. गाडी दचकून थांबली आणि दादांचा आवाज बंद पडला.

मी धावले. दादा शेजारच्या ओट्यावर अर्धवट बसल्यासारखे पडले होते. त्यांचा उजवा पाय ओटा आणि गाडीचा बंपर यांच्यामध्ये सापडला होता. दयानंदांच्या मांडीवरचे पेढे गाडीभर झाले होते.

प्रभावतीबाईंनी गाडी हातभर पुढं घेतली, हँडब्रेक ओढला आणि खाली उतरल्या. त्या ओरडल्या नाहीत, रडल्या नाहीत. दादांच्या पायाकडं एकदा पाहिलं आणि म्हणाल्या, "दयानंद, मागचं दार उघड. पाय तसाच सरळ धर, वाकवू नकोस. वैजयंता, घरातली एखादी फळी आण."

मी फळी आणली. पायाला फळी बांधून दादांना मागच्या सीटवर आडवं केलं. त्यांचा चेहरा घामानं निथळत होता. पण मुलीचा बाप म्हणजे मुलीचा बाप. तशातही ते म्हणाले, "विहीणबाई, तुमचा दुसरा चहा राहिला."

"पाव्हणं, तुम्ही येऊ द्या म्हणालात," गाडी चालू करत त्या म्हणाल्या.

"म्हणालो खरं," दादा कण्हत म्हणाले.

बार्शीत त्या काळी गाडी चालवणारी बाई हाताच्या बोटांवर मोजावी एवढी. त्यातल्या बहुतेक जणी गाडी शिकल्या होत्या त्या प्रभावती गव्हाणेंकडं. त्यांचे यजमान ट्रक चालवायचे, त्यांनीच बायकोला गाडी शिकवली. ते अकाली गेल्यावर बाईंनी एक जुनी मोटार घेऊन शाळा काढली. शिक्षिका, नर्सा, डॉक्टरांच्या बायका, नंतर नंतर कॉलेजच्या मुली, सगळ्या त्यांच्या शेजारी बसून शिकल्या. त्यांच्या ऑफिसच्या भिंतीवर रंगवलेलं होतं: 'वीस वर्षांत एकही अपघात नाही.'

मला बघायला आल्या तेव्हा त्यांनी मला दोनच प्रश्न विचारले होते. "चष्मा आहे का?" आणि "सायकल येते का?" नाही आणि हो, अशी मी उत्तरं दिली. स्वयंपाकाचं नाही, शिक्षणाचं नाही, काहीच नाही. सुपारी फुटली तेव्हाही त्या गप्पच होत्या. लग्न ठरलं ते दयानंदांच्या हट्टामुळं, असं मी धरून चालले होते.

आणि आता त्यांनी माझ्या बापालाच उडवलं होतं.

दादांच्या मांडीचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं, आत सळई बसवली. डॉक्टर म्हणाले, चालतील, पण बांबूवर चढणं विसरायचं. दादा छताकडं बघत पडून राहिले. 'मिरगणे मंडप डेकोरेटर्स' म्हणजे दादा आणि त्यांचे दोन पाय. कामाला माणसं होती, पण वरच्या आढ्याची गाठ दादा स्वतः चढून मारायचे. लग्नसराई तोंडावर होती. मांडवांसाठी आगाऊ घेतलेल्या सुपाऱ्या परत द्यायला लागल्या आणि कामावरची माणसं दुसऱ्या मंडपवाल्याकडं गेली.

प्रभावतीबाई रोज डबा घेऊन यायच्या. डबा ठेवायच्या, "कसं आहे?" विचारायच्या, जायच्या. ऑपरेशनचा खर्च देते म्हणाल्या तर दादांनी हातच जोडले.

"मुलीच्या सासरचा पैसा? नको विहीणबाई. तोंड दाखवायला जागा राहणार नाही."

दुसऱ्या दिवशी त्या आल्या त्या एक घडी घातलेला कागद घेऊन. तो त्यांनी दादांच्या पलंगावर उलगडला.

"हा माझ्या गाडीचा विमा. तुम्ही माझ्यावर दावा लावा."

दादांना वाटलं आपल्याला गुंगी आली आहे. "काय लावू?"

"दावा. अपघाताच्या कोर्टात. पोलिसांना मी जबाब दिलाय, पंचनामा झालाय."

"विहीणबाई, तुमचं-आमचं काही बिनसलंय का?"

"बिनसायचा काय संबंध?" त्या स्टूल ओढून बसल्या आणि शिकवायच्या आवाजात बोलू लागल्या. "गाडी रस्त्यावर आणायची तर हा विमा काढावाच लागतो. कायदाच आहे. आता बघा, माझी गाडी चेपली तर हा विमा दमडी देत नाही. तो माझ्यासाठी नाहीच. माझ्या गाडीनं रस्त्यावरच्या माणसाला लागलं तर त्या माणसासाठी आहे. पहिली पार्टी मी, दुसरी कंपनी, तिसरे तुम्ही. म्हणून थर्ड पार्टी."

"मी तिसरा कसा? मी तुमचा व्याही."

"घरात व्याही. रस्त्यावर तिसरे."

आईला हसू आलं आणि तिनं पदर तोंडाला लावला. दादा मात्र गंभीर होते. "आणि पैसा द्यायचा कुणी?"

"कंपनीनं. हा माझा पैसा नाही, पाव्हणं. माझ्याकडून घ्यायचा नसेल तर घेऊ नका. पण मी दरवर्षी हप्ता भरते तो कशासाठी? असा कुणी माणूस पलंगावर पडला तर त्याच्या घरची चूल चालावी म्हणून. तुम्ही तो नाकारणार असाल तर मी भरला कशाला?"

"पण नाव तर तुमचंच लागणार ना? विहिणीवर दावा! लोक शेण घालतील तोंडात."

"घालू देत. माझं नाव आधी, कंपनीचं नंतर. त्याशिवाय दावा उभाच राहत नाही."

दादांनी मान भिंतीकडं वळवली. तेव्हा मी बोलले. होणाऱ्या सासूसमोर मी आपणहून बोललेलं ते पहिलं वाक्य. "दादा, लग्न मोडलं तरी चालेल, पण दावा लावा."

आई म्हणाली, "अगं!"

प्रभावतीबाईंनी माझ्याकडं पाहिलं. कागदाची घडी घालून तो माझ्या हातात दिला आणि रिकामा डबा घेऊन निघून गेल्या. आपण फार आगाऊपणा केला, असं मला वाटलं.

काझी वकील आमच्या गल्लीतलेच. मोठं पोट, मोठा आवाज, सदा पान. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "दावा पक्का आहे. एकच गाठ आहे. कंपनी पैसे देते ती चालवणाऱ्याची चूक असेल तर. आणि बाई तर सगळीकडं सांगतात की मिरगणे येऊ द्या म्हणत होते."

"ते म्हणत होतेच," मी म्हटलं.

"तीच गाठ. कंपनीचा वकील म्हणणार, माणसानं स्वतःच गाडी अंगावर बोलावली. मग निम्मी चूक याची, निम्मे पैसे गेले. किंवा सगळेच गेले."

ते प्रभावतीबाईंनाही भेटायला गेले. पण बाईंनी त्यांना दारातूनच वाटेला लावलं. "तुम्ही त्यांचे वकील. मी दावा लावा म्हटलं, इथवर ठीक. मी काय बोलायचं ते तुम्ही शिकवायचं नाही. विचारलं तर कोर्टात सांगेन."

काझी परत येऊन म्हणाले, "खडक आहे खडक. आणि त्यांची अडचणही खरी आहे. पोलिसांनी निष्काळजीपणाचा गुन्हा नोंदवलाय. इथं चूक कबूल केली तर तिकडंही चिकटेल. शिवाय ती शाळा. चूक माझी म्हणणाऱ्या बाईकडं पोरींना शिकायला कोण पाठवेल?"

अपघाताची बातमी पसरल्यावर काही मुली आधीच यायच्या बंद झाल्या होत्या. एक दिवस त्यांच्या ऑफिसवरून जाताना मी पाहिलं, बाई स्वतः टर्पेंटाइनचं फडकं घेऊन भिंतीवरचं ते वाक्य पुसत होत्या. शेजारचा चहावाला म्हणाला, "राहू द्या की बाई, चूक तुमची थोडीच!" त्यावर त्या म्हणाल्या, "चूक कुणाची ते वेगळं. अपघात झाला तो झालाच."

दादा काठी घेऊन उभे राहायला लागले तसं आमचं लग्न झालं. मांडव दुसऱ्यानं घातला. दादा खुर्चीवर बसून "अरे, ती झालर ढिली आहे," असं ओरडत राहिले. पंगतीत दादा आणि प्रभावतीबाई शेजारी शेजारी बसले, तेव्हा वाढायला उभे असलेले काझी वकील सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "अर्जदारांना जिलबी वाढा! सामनेवाल्यांना दोन वाढा, त्यांना पुढं कोर्टात उभं राहायचंय!" अख्खी पंगत हसली. प्रभावतीबाई जिलबी खात राहिल्या.

सासरी मला जाच नव्हता. दयानंद दूध संघात कामाला होते, पहाटे जायचे, दुपारी यायचे. माणूस साधा, हसरा. सासूबाईंना मी आत्या म्हणायला लागले. आत्या कामापुरतं बोलायच्या. सकाळी गाडी घेऊन जायच्या, दुपारी यायच्या, जेवायच्या, परत जायच्या. मी गाडीजवळ गेले की त्यांचं लक्ष माझ्याकडं असायचं. मला वाटायचं, त्यांना ते आवडत नाही. गल्लीतल्या बायका कुजबुजायच्या, "सून आली ती दावा घेऊनच आली." ते आत्यांच्या कानावर जात असणारच. त्या काही म्हणायच्या नाहीत, आणि त्या काही म्हणत नाहीत याचंच मला दडपण यायचं.

एकदा मी दयानंदांना विचारलं, "आत्यांचा माझ्यावर राग आहे का?"

"आईचा?" ते म्हणाले. "आई रागावली की गाडीचा हॉर्न वाजवते. अजून वाजवलेला नाही."

तारखा पडत गेल्या. शेवटी दादांच्या जबाबाची तारीख आली. कंपनीच्या वकिलांनी त्याच दिवशी आत्यांनाही साक्षीला बोलावलं होतं. सरदेशमुख त्यांचं नाव. सडपातळ, गोड बोलणारे, सोलापूरहून आले होते. काझी मला हळूच म्हणाले, "हुशार आहे. त्याला माहीत आहे, बाई स्वतःचं नाव वाचवणार. ते वाचवलं की कंपनी वाचली."

कोर्टाच्या मागच्या बाकावर आत्यांच्या चार-पाच विद्यार्थिनी येऊन बसल्या होत्या. कुणी बोलावलं नव्हतं. बाईंचं काय होतंय ते बघायला आल्या होत्या. आत्यांनी त्यांच्याकडं एकदा पाहिलं आणि नजर वळवली.

आधी दादा उभे राहिले, काठी टेकत.

सरदेशमुख म्हणाले, "मिरगणे, गाडी मागं येत होती तेव्हा तुम्ही काय करत होता?"

"दाखवत होतो साहेब. येऊ द्या म्हणत होतो."

"म्हणजे तुम्ही बोलावलंत म्हणून गाडी आली?"

"तर! बोलावल्याशिवाय विहीणबाई कशाला येतील?"

कोर्टात हशा पिकला. काझींनी कपाळाला हात लावला.

"तुम्ही त्यांना थांबा म्हणालात का?"

दादांनी आत्यांकडं पाहिलं. मग माझ्याकडं. "म्हणालो असेन, नसेनही. आता आठवत नाही."

"मग चूक कुणाची, तुमच्या मते?"

"चूक कसली साहेब? गाडी बोळातच होती. माझाच पाय तिथं होता."

सरदेशमुख समाधानानं खाली बसले. काझींनी दोन-चार प्रश्न विचारून गाडं सावरायचा प्रयत्न केला, पण दादांनी ठरवूनच टाकलं होतं. मुलीच्या सासूला चारचौघांत चुकीचं म्हणायचं नाही म्हणजे नाही. बाकावर परत येताना ते मला पुटपुटले, "पैसा काय, येईल जाईल. तुला त्या घरात राहायचंय." मला रडू यावं की राग यावा ते कळेना. आई घरी झालरी शिवून चूल पेटती ठेवत होती, आणि हे इथं पाहुणचार करत होते.

मग आत्या उभ्या राहिल्या. शपथ घेतली. पदर खोचला.

"आपण गाडी शिकवता," सरदेशमुख आदबीनं म्हणाले. "बरीच वर्षं?"

"बरीच."

"किती जणी शिकल्या असतील?"

"मोजल्या नाहीत. या कोर्टातल्या दोन वकीलबाई माझ्याकडंच शिकल्यात."

"वा. गाडी मागं घेताना काय करायचं, असं शिकवता?"

"मान मागं वळवायची. नुसत्या आरशावर विसंबायचं नाही. बाहेरून कोण काय ओरडतंय त्यावरही विसंबायचं नाही. स्वतः बघायचं."

"आणि आपण स्वतः नेहमी तसंच करता?"

"करते."

"अर्थातच. त्या दिवशीही..."

"त्या दिवशी नाही केलं."

सरदेशमुख जागच्या जागी थांबले. मागच्या बाकावर कुणाच्या तरी बांगड्या वाजल्या.

"पण अर्जदार येऊ द्या म्हणत होते ना?"

"म्हणत होते. ते खरं आहे. मग थांबा म्हणाले. दोनदा."

"बाई," सरदेशमुखांचा आवाज जरासा कडक झाला, "अर्जदारांची मुलगी आज आपली सून आहे. त्यांना पैसे मिळावेत म्हणून आपण हे सांगताय, असं मी म्हटलं तर?"

"म्हणा. तुमचं कामच आहे ते. पैसे मिळावेत असं मला वाटतं, तेही खरं आहे. पण थांबा मी ऐकलं होतं. ते काही मी सोयरिकीसाठी ऐकलं नाही."

आता जज्जसाहेबांनी मान वर केली. "ऐकलं होतं तर थांबला का नाहीत?"

"लक्ष नव्हतं, साहेब."

"कुठं होतं?"

आत्या पहिल्यांदाच अडखळल्या. कठड्यावर ठेवलेला हात त्यांनी उचलला, परत ठेवला. मग त्यांनी वळून माझ्याकडं बघितलं.

"दारात ही उभी होती. माझी सून. तेव्हा अजून झाली नव्हती."

"मग?"

"दुपारभर ही मान खाली घालून बसली होती. विचारलं तेवढं सांगत होती. मुलाला पसंत होती, माझी काही हरकत नव्हती. पण मनात म्हटलं, झालं, आणखी एक गप्प बसणारी. मी गाडीत बसले, गिअर टाकला. तर ही दारात उभी राहून तोच गिअर टाकत होती."

"म्हणजे?"

आत्यांनी कठड्याआड हात धरून दाखवला. मूठ वळली, बाजूला झाली, मागं आली. "पदराआड हात असा. रिव्हर्स, बरोब्बर टाकला. मी क्लच सोडला तसा हिनं चपलेतला डावा पाय हळूच वर घेतला. कुणी शिकवलं नव्हतं हिला. माझ्याकडं बघून करत होती. साहेब, इतक्या मुली शिकवल्या, पण लग्न ठरल्याच्या दिवशी दारात उभी राहून गाडी चालवणारी मुलगी मी बघितली नव्हती. नजर तिथंच अडकली. पाव्हणं थांबा म्हणाले ते कानावर आलं. पण ते डोक्यात पोचेपर्यंत गाडी गेली होती."

माझे कान तापले. माझा हात तसा हलला होता हे मलाच ठाऊक नव्हतं, आणि दादांचं थांबा तर माझ्याही कानावर आलं नव्हतं. त्या दिवसाचं मला एवढंच आठवत होतं की एक बाई गाडी चालवतेय आणि तिची पावलं खाली काहीतरी करतायत, ते मला बघायचं होतं.

"म्हणजे चूक..." जज्जसाहेब म्हणाले.

"माझी." मग आत्या मागच्या बाकाकडं वळल्या. "तुम्ही पोरीहो, तुम्हीही ऐकून ठेवा. मागं जाताना मागं बघायचं. समोर कोणी का उभं असेना."

जज्जसाहेबांनी हसू लपवण्यासाठी चष्मा पुसला. सरदेशमुखांनी तरी नेटानं मांडलं, की ही दोन्ही घरं एक आहेत, हे संगनमत आहे. जज्जसाहेब म्हणाले, "वकीलसाहेब, अर्जदार म्हणतात चूक माझी, सामनेवाल्या म्हणतात चूक माझी. संगनमत करणारी माणसं निदान आधी ठरवून तरी येतात."

बाहेर लिंबाखाली दादा आत्यांना म्हणाले, "विहीणबाई, एवढं कशाला सांगायचं चारचौघांत?"

"चारचौघांतच झालं होतं," आत्या म्हणाल्या. "आणि पाव्हणं, तुम्हाला थांबा म्हटलेलं आठवत नाही?"

दादांनी काठीनं जमिनीवर रेघ ओढली. "आठवतं की. दोनदा म्हटलं होतं."

"मग?"

"येणाऱ्या पाहुण्यांना थांबा म्हणाल्याचं कोर्टात कसं सांगायचं?"

आत्या हसल्या. मी त्यांना त्याआधी असं हसताना पाहिलं नव्हतं. पोट धरून, लिंबाला टेकून.

निकाल पावसाळा संपताना लागला. दवाखान्याचा खर्च, बुडालेली कामं, पायात कायमची राहिलेली कसर, असं सगळं धरून कंपनीनं भरपाई कोर्टात जमा केली. दादांनी त्यातून लोखंडी पाइपांचा नवा मांडव केला. त्याला वर चढावं लागत नाही, खालूनच जोडता येतो. जुनी माणसं परत आली. आत्यांनी दुसऱ्या कोर्टात गुन्हा कबूल करून दंड भरला. त्यांच्या शाळेचं म्हणाल तर, मागच्या बाकावरच्या मुलींनी कोर्टातली गोष्ट गावभर केली आणि पुढच्या महिन्यात आत्यांना सकाळची वेळ वाढवावी लागली. एका मुलीच्या बापानं सांगितलं म्हणे, "जी बाई स्वतःची चूक कोर्टात सांगते ती माझ्या पोरीची चूक पोटात घालेल."

पण हे सगळं नंतरचं. कोर्टातून आलो त्या संध्याकाळी मी भाकरी थापत होते, तेव्हा आत्या चुलीपाशी येऊन बसल्या.

"तोंड नव्हतं का तुला?" त्या म्हणाल्या. "शिकायचंय म्हणून सांगायचं ना. सगळं वर्ष गाडीभोवती घुटमळतेस. मी वाट बघतेय."

"मला वाटलं तुम्हाला आवडत नाही."

"आणि मला वाटलं, बापाचा पाय मोडला ती गाडी, तुला तिची भीती बसली असेल. भीती बसलेलीला ओढून बसवायचं नसतं." त्यांनी तव्यावरची भाकरी स्वतः उलटली. "उद्या कच्चं लायसन्स काढू. त्याशिवाय किल्लीला हात लावायचा नाही."

कच्चं लायसन्स हातात आलं त्याच्या दुसऱ्या सकाळी मी पहिल्यांदा त्या पांढऱ्या मारुतीत चालकाच्या जागी बसले. चपला काढून ठेवल्या, आत्यांनी सांगितलं तसं. अनवाणी पायाला क्लच लवकर कळतो. शिकवायच्या त्या गाडीला आत्यांच्या बाजूलाही ब्रेक होता. शिकणारी चुकली की त्या तो दाबत, हे मला माहीत होतं, आणि त्याच भरवशावर मी बसले होते.

मोकळ्या रस्त्यावर बरं चाललं. मग मंडईचा रस्ता आला. समोर भाजीची गाडी, तिच्या पलीकडं सायकलवर तीन पोरं, आणि मधोमध एक म्हैस, जिला कुठं जायचं ते ठरवता येत नव्हतं. आता त्या ब्रेक दाबतील म्हणून मी त्यांच्या पायांकडं पाहिलं.

आत्या सीटवर मांडी घालून बसल्या होत्या.

"माझ्याकडं काय बघतेस?" त्या म्हणाल्या. "पुढं बघ."